पाचशे बारा, हजर!

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्याइतकं खरं बोलणारं तुम्हाला या जगात कोणी भेटणार नाही. घड्याळं मागे पडतात, वजनकाटे खोटं बोलतात, माणसांचं तर विचारूच नका. मला मात्र रबराच्या तुकड्यावर हलकेच आपटा, मी सेकंदाला पाचशे बारा वेळाच थरथरणार. पाचशे अकरा नाही, पाचशे तेरा नाही. हे सगळं मी एका जेवणाच्या टेबलावर उभा राहून, मनातल्या मनात छाती फुगवून म्हणत होतो. समोर एक लॅपटॉप होता. त्याने माझी थरथर मोजली, पडद्यावर एक उभी काठी काढली आणि काठीखाली आकडा लिहिला. बारा.

बारा! माझे पाचशे कुठे गेले? त्या दिवशी मला केराच्या डब्यात टाकायचंच बाकी होतं. पण ती गोष्ट पुढे येईल. आधी जन्मापासून सांगतो.

एका लहानशा कारखान्यात मी जन्मलो. भट्टीतून निघालो तेव्हा मी नुसता दोन पायांचा दांडा होतो आणि वाटेल ते बरळत होतो. एका चष्मेवाल्या कारागीर बाईंनी मला कानशीने घासायला घेतलं. जरा घासायचं, आपटायचं, ऐकायचं, नाक मुरडायचं, पुन्हा घासायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी पाचशे बारावर आलो. बाईंनी माझ्या अंगावर आकडा ठोकला आणि डबा खायला गेल्या. त्यांचं नावही मला माहीत नाही. पण आयुष्यात मी जे काही खरं बोललो ते त्यांच्यामुळे.

मग शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं गेली. मुलांनी मला पाण्यात बुडवून एकमेकांच्या तोंडावर तुषार उडवले. एकाने मला थरथरत असताना नाकाच्या शेंड्याला लावलं आणि अशी सणसणीत शिंक दिली, की शेजारच्या बाकावरचा बेडकाचा सांगाडा कोसळला. तिथे गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मी त्यांना ताई म्हणतो, कारण त्यांचे धाकटे भाऊ तसं म्हणतात. ताई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ताईंनी ते तिथल्या तिथे परत केलं आणि मला मागून घेतलं. मित्रांनो, सोनेरी काट्यांचं घड्याळ सोडून कोणी आपल्याला निवडावं, याचं सुख काय असतं हे तुम्हाला कधीतरी कळो.

अर्थात घरी नेऊन त्यांनी मला चमच्यांच्या खणात टाकलं. तिथे मी पाच वर्षं पडून होतो. एकदा जेवायला आलेल्या भाचेजावयांनी माझं दोन दातांचं ध्यान बघून मला कलिंगडाच्या फोडीत खुपसलं. फोड खाल्ली, मला पुसलं, वर म्हणाले, "छान आहे हा काटा, जड आहे." पाच वर्षांत माझं झालेलं एवढंच कौतुक.

आता ताईंच्या भावाबद्दल सांगतो. ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुख्य मिस्त्री. तळघरातली ती लांबलचक खोली, वाफेने ओल्या झालेल्या भिंती, चादरींचे डोंगर आणि मधोमध कपडे पिळून कोरडे करणारं एक अगडबंब मशीन. सदानकदा कुरकुरायचं म्हणून सगळे त्याला आत्याबाई म्हणत. भावाला सगळे कानसेन काका म्हणत. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचे, मूठ कानामागे दाबायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "डावीकडचं बेअरिंग. अजून पंधरा दिवस चालेल." सोळाव्या दिवशी ते बेअरिंग जायचं. तीस वर्षं काकांची भाकरी त्या कानावर होती.

एका रविवारी काका ताईंकडे आले. ताईंनी विचारलं, "चहा घेणार का?" काका म्हणाले, "नाही, बसनेच आलो." ताई उठल्या, चमच्यांचा खण उघडला, मला काढलं आणि काकांच्या कानाशी धरलं.

"ऐकू येतंय का रे, बाळ्या?"

"हो हो. स्पष्ट."

"किती स्पष्ट?"

"अगदी घंटेसारखं."

ताईंनी मला आपटलंच नव्हतं.

काकांचा चेहरा उतरला. मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून कान जात होते. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग बेअरिंगं. कोणाला सांगितलं नव्हतं. "कानसेनाचे कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगू, ताई?" आणि नेमक्या त्याच काळात आत्याबाई हलायला लागल्या होत्या. अशा हलायच्या, की वरच्या मजल्यावरचे पाण्याचे पेले सरकायचे. काकांनी कानाला स्क्रूड्रायव्हर लावला, काही ऐकू आलं नाही, आणि सवयीने सांगून टाकलं, "बेअरिंग." बेअरिंग बदललं. आत्याबाई हलतच राहिल्या. पुन्हा बदललं. आत्याबाई आणखी हलल्या. शेवटी धुलाईघराचे साहेब म्हणाले, "मिस्त्री, महिनाअखेरपर्यंत कारण सांगा. नाहीतर हे मशीन भंगारात. नव्या मशीनबरोबर कंपनीचाच माणूस येतो. मग तुम्ही घरी आराम करा."

काकांना आरामाची भारी भीती. पाच वर्षं चमच्यांच्या खणात काढल्यामुळे मला ती बरोबर समजली.

ताई म्हणाल्या, "कान गेले ना? डोळे आहेत. आवाज डोळ्यांनी बघायचा."

"ताई, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे."

"मग काय? पाढे येतात ना? पुरे झालं."

आणि त्या दोघांनी जे गणित शिकायला घेतलं त्याला मोठी माणसं डिस्क्रीट फुरिए ट्रान्सफॉर्म म्हणतात. काकांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा ठसका लागला. ताईंनी मग त्याला हजेरी म्हणायचं ठरवलं.

त्यांनी ते असं समजावलं. कुठलाही आवाज, कुठलाही हादरा म्हणजे गजबजलेला वर्ग. सगळे एकदम बोलतात, म्हणून गोंगाट वाटतो. आपण काय करायचं? ठरावीक वेळाने हादरा मोजून आकडे लिहून ठेवायचे. मग एकेका लाटेचं नाव घेऊन हाक मारायची. एकदा झुलणारी! दोनदा झुलणारी! तीनदा झुलणारी! हाक मारायची म्हणजे त्या लाटेच्या आकड्यांनी आपल्या आकड्यांना एकास एक गुणायचं आणि सगळी बेरीज करायची. ती लाट वर्गात नसेल तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्य. असेल तर बेरीज मोठी. जितका मोठा आवाज, तितकी मोठी बेरीज.

"आणि पोरगं उशिरा आलं तर?" काकांनी विचारलं. "म्हणजे लाट शिखरापासून सुरूच झाली नाही, मधूनच घुसली तर?"

ताईंचे डोळे चमकले. चाळीस वर्षं त्या हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याची वाट बघत होत्या, तो शेवटी घरातच सापडला. "म्हणून हजेरी दोनदा घ्यायची, बाळ्या. एकदा शिखरापासून, एकदा शून्यापासून. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. मग कोणी कितीही उशिरा येवो, सुटत नाही."

सराव करायला कागद पुरेनात. काका धुलाईघरातून एक बाद झालेली चादर घेऊन आले आणि तिच्यावर आठ आकड्यांचा तक्ता मांडला. पेन वापरलं धुलाईघरातलं. हॉस्पिटलच्या चादरींवर वॉर्डाची खूण करतात ते, धुतलं तरी न जाणारं. दोनदा झुलणारी लाट घेतली आणि एक ते चार ओळींची हजेरी सुरू केली. दोनच्या ओळीत बेरीज आली चार. हजर! बाकी सगळीकडे शून्य यायला हवं होतं. पण चारच्या ओळीत दोन यायचे. काकांनी पाच वेळा करून बघितलं, दोन. ताईंनीही चष्मा पुसून पुसून बघितलं, दोन. चहाच्या सुट्टीत बघू म्हणून काकांनी ती चादर धुलाईघरात नेली, घडी करून कपाटाशेजारी ठेवली, आणि तिथून ती जायची तिथे गेली. धुतली गेली, पिळली गेली, इस्त्री झाली आणि बायकांच्या वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवर अंथरली गेली.

त्या खाटेवर पाय मोडलेल्या एक आजी होत्या. दिवसभर विणकाम करायच्या. दुसऱ्या दिवशी सिस्टर तळघरात उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काका, चादरीवर हे काय लिहून ठेवलंय? डॉक्टर पेशंटचा रिपोर्ट समजून दहा मिनिटं वाचत होते. आणि आजी तर उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, ज्याने विणलंय त्याला बोलवा, टाका चुकलाय."

काका मला खिशात घालून वर गेले. तोवर मी त्यांच्या खिशातच राहायला लागलो होतो. आजींनी सुईचं टोक चारच्या ओळीवर ठेवलं.

"हे बघ. एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट. असंच आहे ना तुझं?"

"हो, आजी. अधिक, उणे, अधिक, उणे."

"मग इथे तीन उलट लागोपाठ कसे रे? आंधळा होतास का?"

काकांनी वाकून बघितलं. तिसऱ्या जागी अधिकाऐवजी उणे पडलं होतं. तिथल्या तिथे बेरीज केली. शून्य! काकांनी आजींच्या पाया पडायला वाकायचं ते आनंदात मोडक्या पायाच्या बाजूने वाकले, आणि आजींनी मारलेली किंकाळी मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू आली. मित्रांनो, त्या आजींना लाटा, गणित यातलं काही माहीत नव्हतं. पण चूक दिसल्यावर गप्प बसायचं नाही हे माहीत होतं. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

आता ते बाराचं प्रकरण. ताईंची एक जुनी विद्यार्थिनी पुलांचे हादरे मोजायचं काम करायची. पूल आतून कुठे खिळखिळा झालाय हे तिला याच हजेरीवरून कळायचं. तिने काडेपेटीएवढा एक सेन्सर आठवडाभर वापरायला दिला. तो हादरा मोजायचा, आणि हजारो आकड्यांची हजेरी लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत घ्यायचा. आधी चाचणी म्हणून काकांनी माझा दांडा सेन्सरवर टेकवला. सेकंदाला किती वेळा मोजायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. "पाचशे. पाचशे म्हणजे पुष्कळ झाले."

पडद्यावर आलं बारा.

"बिघडला वाटतं हा," काका म्हणाले.

"तरी मी म्हणत होते, कलिंगड आंबट होतं," ताई म्हणाल्या.

माझं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, शिंकेसकट. पण ताई मला ठेवून द्यायच्या ऐवजी विचार करायला लागल्या. त्यांनी मला कानाशी धरलं. आवाज तर तोच. मग खोटं कोण बोलतंय? आणि एकदम त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाळ्या, समज, अंगणात झोका चाललाय. चार सेकंदांत एक हेलकावा. आणि तू डोळे मिटून बसलायस, बरोबर चार सेकंदांनी एकदा उघडतोस. काय दिसेल?"

"दर वेळी तिथेच दिसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटेल, झोका थांबलाय."

"हा बिचारा सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतोय. तू पाचशे वेळाच डोळे उघडतोयस. वरचे बारा तेवढे दिसले. काटा नाही बिघडला, आपण बघायला आळस केला. एका थरथरीत दोनदापेक्षा जास्त वेळा बघायलाच हवं."

काकांनी आकडा वाढवून दोन हजार अठ्ठेचाळीस केला आणि मला पुन्हा टेकवला. पडद्यावर एकच काठी उभी राहिली. सरळ, सडसडीत, आजूबाजूला गवताचं पातंही नाही. पाचशे बारा. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "माफ कर रे, बाबा." माणसाने नादकाट्याची माफी मागितल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

महिनाअखेर उजाडली. साहेब आले, बरोबर नव्या मशीनच्या कंपनीचा माणूस रंगीत पुस्तिका घेऊन. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका कडेला उभ्या. ताई एका उलट्या टोपलीवर बसलेल्या.

"बोला, मिस्त्री. काय म्हणतायत तुमचे कान?"

काकांचा हात खिशात होता आणि मुठीत मी.

"साहेब, माझ्या कानांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. दोन्ही बेअरिंगं चांगली होती, मी उगाच बदलली. चूक माझी."

पुस्तिकावाला गालातल्या गालात हसला.

"पण आता दिसतं," काका म्हणाले आणि त्यांनी सेन्सर आत्याबाईंच्या अंगाला लावला. पडद्यावर काठ्या उगवल्या. "ही दहाची काठी आत्याबाईंच्या ड्रमची. तो सेकंदाला दहा फेऱ्या घेतो. ही चोवीसची, मोटरची. दोघी आपापल्या जागी, बारीक, सालस. आणि ही मधली बघा, ताडासारखी. सतरा."

"सतरा कोण?"

"तेच तर. आत्याबाईंच्या अंगात सतराला फिरणारं काही नाहीच." त्यांनी बटण दाबलं. आत्याबाई थांबल्या. दहा गेले, चोवीस गेले. सतरा तसाच उभा. एकट्या उभ्या असलेल्या बंद मशीनचं अंग थरथरत होतं.

"साहेब, हजेरी घेऊ या. एकेक बंद करा."

इस्त्रीचा रोलर बंद केला. सतरा हजर. कपडे वाळवायचं मशीन बंद केलं. हजर. पाण्याचा पंप बंद केला. हजर. बायकांना आता चेव चढला. कोणीतरी भिंतीवरचं घड्याळही काढून ठेवलं. सतरा जागचा हलेना. मग घड्या घालणाऱ्यांपैकी एक मावशी खाली बघत म्हणाल्या, "सगळं बंद झालं. राहिला तो साहेबांचाच पंखा."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. आत्याबाईंच्या मागे, वरच्या कोपऱ्यात साहेबांची केबिन. तिथे गरम होतं म्हणून हवा बाहेर फेकणारा एक दांडगा पंखा नवा बसवला होता. भिंतीच्या फरश्या फोडायला नकोत म्हणून गवंड्याने त्याची लोखंडी चौकट थेट आत्याबाईंच्या सांगाड्याला जोडून दिली होती. एका पात्यावर रंगाचा मुठीएवढा गोळा सुकून बसला होता, त्यामुळे पंखा एका बाजूने जड होऊन हादरत होता.

"पंखा कधी बसवला, साहेब?" ताईंनी अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं.

साहेब वर गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. सतराची काठी खाली खाली येत गेली आणि दिसेनाशी झाली. पुस्तिकावाल्याने पुस्तिका मिटली. मावशींनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. काकांना टाळ्या ऐकू आल्या की नाही माहीत नाही, पण हात हलताना दिसले. आत्याबाई भंगारात गेल्या नाहीत आणि काकाही घरी बसले नाहीत. साहेबांनी हॉस्पिटलमधल्या सगळ्या मशीनांची हजेरी घ्यायचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि कानाचं यंत्रही मागवलं. त्या यंत्राच्या पोटातही हीच हजेरी चालते. ऐकू न येणाऱ्या लाटा तेवढ्या निवडून मोठ्या करतात.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. घरातलं कोणी न ऐकता "हो हो" म्हणत असेल तर हसू नका. त्यांच्या जवळ जाऊन बसा. आणि एखादी जुनी वस्तू चुकीचं बोलतेय असं वाटलं तर टाकण्याआधी बघा, आपण तिच्याकडे पुरेशा वेळा पाहिलंय का. मला घासणाऱ्या बाई, ताई, काका, विणणाऱ्या आजी, एवढी नीट पाहणारी माणसं मला भेटली. एका नादकाट्याला आणखी काय हवं?

काकांचं ते कानाचं यंत्र यायला अजून दोन आठवडे होते. मधल्या काळात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी काकांच्या कामाबद्दल ऐकलं. त्या म्हणाल्या, "आमच्या एमआरआयचं चित्रसुद्धा याच गणितातून तयार होतं. या एकदा बघायला." काका दुसऱ्याच दिवशी गेले. दारावरच्या तंत्रज्ञाने मास्कच्या आडून विचारलं, "खिशात लोखंडाचं काही नाही ना?" काका म्हणाले, "हो हो, फारच छान." आणि आत शिरले.

मी पोलादाचा आहे आणि ते मशीन म्हणजे एक अगडबंब लोहचुंबक. खोलीत पेशंट कोणी नव्हता. मी खिशातून निघालो आणि मशीनला चिकटलो. त्या दिवशीच्या सहा तपासण्या पुढे ढकलल्या.